अपरिचित प्रोग्रामिंग भाषेला विश्वकोशात जागा द्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तिघांसाठी आहे. पहिला, ज्याने स्वतः भाषा घडवली आणि आता तिच्यावर विकिपीडियात लेख असावा असं ज्याला वाटतं तो. दुसरा, एखाद्या कमी माहितीच्या भाषेवर ज्याचा जीव जडला आहे तो वाचक. आणि तिसरा, ज्याच्यासमोर असा लेख आलाय आणि तो ठेवायचा की काढायचा यावर ज्याला मत द्यायचं आहे तो सदस्य. बहुतेक उदाहरणं इंग्रजी विकिपीडियाच्या संदर्भातली आहेत, कारण या विषयावरचे मोठे वाद तिथे झाले आणि ते नोंदलेले आहेत. मराठी विकिपीडियावर जिथे वेगळं घडतं, तिथे तसं सांगितलं आहे.

निर्णय नेमका कशावर होतो?

भाषा चांगली आहे की वाईट, यावर नाही. तिची रचना देखणी आहे का, ती वेगवान आहे का, तिचा निर्माता हुशार आहे का, यातलं काहीच तपासलं जात नाही. प्रश्न एवढाच असतो: त्या भाषेशी लागेबांधे नसलेल्या लोकांनी, विश्वास ठेवता येईल अशा ठिकाणी, तिच्याविषयी पुरेसं सविस्तर लिहिलं आहे का? स्वतंत्र, विश्वासार्ह आणि सविस्तर, या तिन्ही गोष्टी एकाच स्रोतात असाव्या लागतात. या कसोटीला उतरण्यालाच विकिपीडियात ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. एक स्रोत स्वतंत्र पण एका ओळीचा, दुसरा सविस्तर पण निर्मात्याच्याच संकेतस्थळावरचा, अशी बेरीज चालत नाही.

यामागचं कारण समजून घेतलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. विकिपीडियाचे लेख लिहिणारे बहुतेक जण त्या विषयाचे तज्ज्ञ नसतात आणि स्वतःचं संशोधन तिथे मांडायला मनाई आहे. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी जे तपासून लिहिलं आहे, त्याच्याच आधारावर लेख उभा राहतो. समजा, एखाद्या भाषेबद्दल जगात फक्त तिच्या निर्मात्याने लिहिलं आहे. मग ‘ही भाषा सुरक्षित आहे’, ‘ही शिकायला सोपी आहे’ ही त्याची वाक्यं लेखात जशीच्या तशी येतील आणि ती खरी की खोटी हे ठरवायला लेखकाच्या हाती काहीच नसेल. असा लेख जाहिरात होतो. लिहिणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी होतो.

छापील विश्वकोशासारखी निवड इथे का करायची? इथे तर पानांची मर्यादा नाही.

हा मुद्दा बरोबर आहे. मराठी विश्वकोशाचे वीस खंड वाईच्या कार्यालयातून सिद्ध झाले, तेव्हा कोणती नोंद घ्यायची आणि ती किती लांब हे संपादकांना ठरवावंच लागलं. कागदाला शेवट असतो. विकिपीडियाला तो नाही, त्यामुळे ‘इतक्या बारीकसारीक भाषेला जागा कशाला’ हा युक्तिवाद मी मानत नाही आणि चर्चेत तो आला तर कुणीही मानू नये.

खरी टंचाई आहे ती लक्ष ठेवणाऱ्या माणसांची. लेख एकदा लिहिला की संपला, असं नसतं. भाषेची नवी आवृत्ती येते, प्रकल्प बंद पडतो, कुणी लेखात जाहिरात घुसवतं, कुणी प्रतिस्पर्धी भाषेची निंदा घालतं. स्वतंत्र स्रोत असतील तर दहा वर्षांनी आलेला अनोळखी सदस्यही ते उघडून लेख दुरुस्त करू शकतो. ते नसतील तर खरं काय हे फक्त मूळ लेखकाला माहीत असतं, आणि तो केव्हाच निघून गेलेला असतो.

निदान किती लोक ती भाषा वापरत असायला हवेत?

असा आकडा नाही, आणि नसावाच. त्यासाठी दोन भाषांकडे पाहा.

कोनराड त्सूझे या जर्मन अभियंत्याने १९४२ ते १९४५ या काळात, युद्ध चालू असताना, प्लानकाल्क्यूल नावाची भाषा कागदावर रचली. बुद्धिबळाच्या चालींसाठीचे प्रोग्राम त्याने तिच्यात लिहून ठेवले. ती समग्र रूपात प्रसिद्ध झाली १९७२ मध्ये. ती चालवून पाहण्याचे प्रयत्न १९७५ मध्ये एका प्रबंधात आणि नंतर २००० मध्ये बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत झाले. म्हणजे कित्येक दशकं तिचा एकही वापरकर्ता नव्हता. तरीही उच्चस्तरीय प्रोग्रामिंग भाषांचा इतिहास लिहिणारा कुणीही तिला वगळू शकत नाही, कारण त्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आहे.

दुसरी इस्विम. पीटर लँडिन या ब्रिटिश संशोधकाने १९६६ च्या एका निबंधात ती मांडली, पण जशीच्या तशी ती कधी बांधली गेली नाही. तिच्यातून पुढे एमएल आणि हॅस्केल या भाषांच्या घराण्याला दिशा मिळाली. ओळ किती आत सरकवली आहे यावरून कोडचा अर्थ लावण्याची कल्पनाही त्याच निबंधात आहे. ती आज पायथन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून जाते. वापरकर्ते शून्य आणि लिहिलं गेलेलं साहित्य भरपूर, असं हे उदाहरण आहे.

उलटंही घडतं. एखाद्या बँकेत किंवा कारखान्यात शेकडो माणसं रोज एखादी अंतर्गत भाषा वापरत असतात आणि बाहेरच्या जगात तिच्यावर एक परिच्छेदही नसतो. ती भाषा महत्त्वाची आहे, यात शंका नाही. पण तिच्यावर लेख लिहायचा कशाच्या आधारावर?

गिटहबवर तिला हजारो तारे आहेत. ते पुरेसं नाही का?

नाही. गिटहब हे प्रोग्रामचा कोड ठेवण्याचं संकेतस्थळ. तिथला तारा म्हणजे कुणीतरी बटण दाबलं, एवढीच नोंद. त्यातून भाषेबद्दल एकही वाक्य लिहिता येत नाही. डाउनलोडचे आकडे, डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावरची सदस्यसंख्या, चर्चास्थळावर पहिल्या पानावर आलेली बातमी यांनाही हेच लागू पडतं. हे सगळं एकच सांगतं, की कदाचित कुणीतरी स्वतंत्रपणे लिहिलं असेल, शोधा. शोधायला ते उपयोगी आहे, संदर्भ म्हणून नाही.

ती टायोबीच्या यादीत आहे. आता तरी मान्य करा.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा युक्तिवाद चर्चेत वारंवार येतो आणि अनेकांना तो निर्णायक वाटतो. टायोबी निर्देशांक शोधयंत्रांवर भाषेच्या नावाने किती पानं सापडतात यावरून भाषांच्या लोकप्रियतेची क्रमवारी लावतो. पण कोणत्या भाषा मोजायच्या, याची एक अट त्या यादीच्या नियमांतच लिहिलेली आहे: त्या भाषेवर विकिपीडियात स्वतंत्र लेख असावा. म्हणजे विकिपीडियात लेख आहे म्हणून ती यादीत, आणि यादीत आहे म्हणून विकिपीडियात लेख हवा. या वर्तुळात बाहेरच्या कुणीही ती भाषा तपासलेली नाही.

असाच प्रकार भाषांच्या मोठ्या सूच्यांचा. इंटरनेटवरच्या अशा एका सूचीत आठ हजारांहून अधिक प्रोग्रामिंग भाषांची नावं आहेत. सूचीत नाव असणं म्हणजे कुणीतरी दखल घेतली हे खरं, पण नाव, साल आणि ‘अमुक भाषेवरून प्रेरित’ एवढ्यावर लेख होत नाही. मात्र जुन्या सूच्यांचा मान वेगळा आहे. जीन सॅमेट यांनी १९६९ च्या ग्रंथात सुमारे १२० भाषांची माहिती दिली. तिथे अनेक भाषांवर खरोखर वाचण्याजोगं विवेचन आहे, आणि ते त्यांतल्या बहुतेक भाषा न घडवलेल्या, पण क्षेत्र आतून ओळखणाऱ्या व्यक्तीचं आहे. असा स्रोत मिळाला तर चर्चा तिथेच संपायला हवी.

निर्मात्यांनी परिषदेत शोधनिबंध सादर केला आहे. तो तर समीक्षित असतो. तो स्वतंत्र का मानत नाहीत?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि यावर प्रामाणिक माणसांमध्ये मतभेद आहेत.

पॉप्ल, पीएलडीआय, ऊप्सला, आयसीएफपी या प्रोग्रामिंग भाषांवरच्या मोठ्या परिषदांमध्ये निबंध स्वीकारला जाणं सोपं नाही. तीन-चार तज्ज्ञ तो वाचतात, प्रश्न विचारतात, बरेचदा परत पाठवतात. त्यामुळे त्यातली विधानं विश्वासार्ह मानायला हरकत नाही. ‘या भाषेची टाइप प्रणाली (कोणत्या प्रकारची माहिती कुठे चालते याचे नियम) अशी आहे’ हे सांगायला तो उत्तम संदर्भ आहे. पण लिहिणारा हात निर्मात्याचाच आहे. समीक्षकांनी निबंध प्रसिद्ध होण्यालायक ठरवला, भाषेबद्दल स्वतः काही लिहिलं नाही. म्हणून तपशिलांसाठी तो वापरावा, उल्लेखनीयतेसाठी त्याच्यावर विसंबू नये, ही रूढ भूमिका आहे.

माझं स्वतःचं मत थोडं पुढे जातं. निर्मात्यांचा निबंध मोजू नका, पण त्याचा उल्लेख करणारे निबंध उघडून वाचा. किती जणांनी उल्लेख केला हा आकडा पुन्हा काहीच सांगत नाही. पण दुसऱ्या विद्यापीठातल्या कुणी त्या भाषेची एखादी कल्पना घेऊन दोन पानं चर्चा केली असेल, तिच्यातली त्रुटी दाखवली असेल, दुसऱ्या भाषेशी तुलना केली असेल, तर तो खराखुरा स्वतंत्र स्रोत आहे. विद्यापीठात जन्मलेल्या भाषांचं महत्त्व बहुधा अशाच जागी सापडतं. आणि तिथेच शोधायचा कंटाळा केला जातो.

२०११ मध्ये काय झालं होतं?

त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रजी विकिपीडियावर अनेक कमी परिचित प्रोग्रामिंग भाषांचे लेख काढण्यासाठी सुचवले गेले. त्यांत नेमर्ले आणि ॲलिस एमएल होत्या. नेमर्ले पोलंडमधल्या व्रोत्सवाफ विद्यापीठात घडलेली, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या मंचावर चालणारी भाषा, तर ॲलिस एमएल जर्मनीतल्या सारलँड विद्यापीठातली. बातमी प्रोग्रामरांच्या वर्तुळात पसरली आणि एरवी विकिपीडियाच्या चर्चांमध्ये कधी न दिसणारी माणसं मोठ्या संख्येने मत द्यायला आली. दोन्ही बाजूंनी राग होता. भाषा वापरणाऱ्यांना वाटलं की ज्यांना विषय कळत नाही ते आमचं काम पुसून टाकताहेत. विकिपीडियाच्या सदस्यांना वाटलं की बाहेरून गर्दी आणून नियम वाकवला जातोय. आज त्या दोन्ही भाषांचे लेख इंग्रजी विकिपीडियावर आहेत.

त्या वादातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असं मला वाटतं. चर्चेत मतं मोजली जात नाहीत, युक्तिवाद तोलले जातात. ‘ठेवा, मला ही भाषा आवडते’ असं शंभर जणांनी लिहिलं तरी त्याचं वजन शून्य, आणि एकाने एका स्वतंत्र लेखाचा दुवा दिला तर त्याला वजन. दुसरी गोष्ट लेख काढायला सुचवणाऱ्यासाठी आहे. सुचवण्याआधी स्रोत स्वतः शोधणं हे त्याचं कर्तव्य आहे. लेखाच्या तळाशी संदर्भ नाहीत म्हणजे जगात ते नाहीत, असं गृहीत धरणं हा आळस आहे. ज्याने कंपायलरवर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर) कधी काही वाचलेलं नाही त्याने प्रोग्रामिंग भाषेवरचा लेख काढायला सुचवू नये असं मी म्हणत नाही. पण निदान शोधनिबंधांच्या संग्रहात एकदा डोकावून मग सुचवावं.

ब्रेनफक, मॅलबोल्ज अशा गमतीच्या भाषांना लेख आहेत. मग माझ्या गंभीर भाषेला का नाही?

कारण त्या भाषांवर इतरांनी लिहिलं आहे. ब्रेनफक उर्बान म्युलरने १९९३ मध्ये केली. तिच्यात अवघ्या आठ आज्ञा आहेत. इतकी लहान असूनही ती कोणतीही गणना करू शकते, म्हणून ती संगणनशास्त्र शिकवताना आणि संशोधनातही उदाहरण म्हणून वापरली जाते. कोराडो ब्योम या इटालियन संशोधकाच्या १९६४ च्या एका सैद्धान्तिक भाषेशी तिचं जवळचं नातं आहे.

मॅलबोल्ज १९९८ ची. तिची रचना मुद्दाम इतकी क्लिष्ट ठेवली होती की तिच्यातला पहिला प्रोग्राम दोन वर्षांनी आला, आणि तोही कुणी हाताने लिहिला नव्हता. लिस्प या भाषेत लिहिलेल्या शोधप्रोग्रामने तो हुडकून काढला. पुढे जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी तिच्यात प्रोग्राम कसे रचता येतील यावर निबंध लिहिले. निर्मात्याशी संबंध नसलेल्या माणसांनी तिच्यावर वेळ खर्च केला. निकष हाच आहे.

वेन्यान हे अलीकडचं उदाहरण. अभिजात चिनी भाषेत कोड लिहिता येणारी ही भाषा डिसेंबर २०१९ मध्ये आली आणि थोड्याच काळात ‘आयट्रिपलई स्पेक्ट्रम’ या अभियांत्रिकीच्या मासिकाने तिच्यावर लेख छापला. ती किती दिवस टिकेल, कुणी तिच्यात बँकेचं सॉफ्टवेअर लिहील का, हे प्रश्न तिथे गैरलागू होते.

गंभीर आणि गमतीची असा भेद विश्वकोश करत नाही. तो करायला गेलो तर आपल्या आवडीनिवडीच नियम होऊन बसतील.

जुन्या, इंटरनेटपूर्व काळातल्या भाषांचं काय? गुगलवर तर काहीच सापडत नाही.

या भाषांवर सर्वांत जास्त अन्याय होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या भाषेवर चार चांगले लेख छापून आलेले असतात, पण ते शोधयंत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत. आणि गेल्या महिन्यात आलेल्या भाषेवर वीस ब्लॉग लगेच दिसतात. सापडण्यातल्या सोपेपणाला महत्त्व समजलं जातं.

म्हणून शोधायचं कुठे ते सांगतो. ‘बाइट’ या संगणकविषयक मासिकाचे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. त्याचा ऑगस्ट १९८० चा अंक फोर्थ या भाषेला वाहिलेला होता आणि ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या भाषेला. प्रोग्रामरांचं मासिक ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ १९७६ पासून चाललं आणि २०१४ मध्ये थांबलं. एसीएम या संगणनशास्त्राच्या संघटनेच्या संग्रहात प्रोग्रामिंग भाषांवरच्या ‘सिगप्लॅन नोटिसेस’ या नियतकालिकाचे जुने अंक आहेत. प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासावर एसीएमने १९७८, १९९३, २००७ आणि २०२१ अशा चारच परिषदा घेतल्या. तिथले निबंध बरेचदा निर्मात्यांचेच आहेत, पण एका भाषेच्या इतिहासात दुसऱ्या पाच भाषांचा उल्लेख येतो, आणि त्या पाचांसाठी तो उल्लेख स्वतंत्र असतो. जुनी पाठ्यपुस्तकं, विशेषतः भाषांची तुलना करणारी, हमखास उपयोगी पडतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून बाद व्हायच्या बेतात असलेल्या कपाटात ती असतात. ती गेली की संदर्भही गेला.

विषयाच्या बाहेरही पाहा. मम्प्स ही भाषा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये घडली आणि अमेरिकेतल्या कित्येक रुग्णालयांच्या नोंदी तिच्यावर चालल्या. तिच्याविषयी प्रोग्रामिंगच्या मासिकांपेक्षा वैद्यकीय माहितीशास्त्राच्या नियतकालिकांत जास्त सापडेल. भाषा ज्या क्षेत्रात राबली, त्या क्षेत्राच्या कागदपत्रांत ती असते.

पुण्याशी जोडलेलं एक उदाहरण देतो. सी-डॅक या पुण्यातल्या सरकारी संगणन संस्थेचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. त्या चिपसोबतच, तिच्यासाठी म्हणून, १९८३ च्या सुमारास ऑकम ही समांतर प्रोग्रामिंगची भाषा घडवली गेली होती. आज तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. पण ट्रान्सप्यूटरचा इतिहास, टोनी होअर या ब्रिटिश संगणनशास्त्रज्ञांचा समांतर प्रक्रियांचा सिद्धान्त आणि समांतर संगणनावरची त्या काळातली पुस्तकं यांत ती ठायीठायी आहे. अशा भाषेवर मराठीत नीट लेख लिहिणं हे मोलाचं काम आहे.

एकदा मिळालेली उल्लेखनीयता पुढे संपत नाही. भाषा मेली, संकेतस्थळ बंद पडलं, म्हणून लेख काढता येत नाही.

मराठीतून कोड लिहायची भाषा एका विद्यार्थ्याने बनवली. वर्तमानपत्रात बातमीही आली. लेख करू?

आपल्या भाषेत ‘जर’, ‘नाहीतर’, ‘दाखव’ असे शब्द लिहून प्रोग्राम चालताना पाहणं याचं अप्रूप मलाही आहे. म्हणूनच इथे जास्त काळजीने पाहायला हवं.

बातमी वाचताना स्वतःला विचारा: वार्ताहराने भाषा चालवून पाहिली का? विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक यांच्याखेरीज आणखी कुणाशी तो बोलला का? बहुतेकदा बातमी महाविद्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकावरून केलेली असते. त्यात फोटो, सत्कार, प्राचार्यांचे उद्गार असतात आणि भाषेबद्दल दोनच वाक्यं. तोच मजकूर चार वर्तमानपत्रांत आला तर ते चार स्रोत होत नाहीत, एकच होतो. ‘भारतातली पहिली’, ‘जगातली पहिली’ ही विशेषणं तर संदर्भाशिवाय लेखात घेऊच नयेत. भारतीय भाषांतून प्रोग्रामिंग करण्याचे प्रयत्न आधीपासून होत आले आहेत. तमिळमधून कोड लिहायच्या एळिल या भाषेवर तर तिच्या निर्मात्याने २००९ मध्येच निबंध प्रसिद्ध केला होता.

पण बातमी आहे म्हणून तो विषय झटकूनही टाकू नका. एखाद्या शिक्षिकेने ती भाषा जिल्हा परिषदेच्या शाळेत वापरून पाहिली आणि त्याविषयी शिक्षणविषयक नियतकालिकात लिहिलं, एखाद्या संशोधकाने मातृभाषेतून प्रोग्रामिंग शिकण्यावरच्या अभ्यासात तिची तपासणी केली, तर चित्र बदलतं. तोवर ‘इंग्रजीतर प्रोग्रामिंग भाषा’ अशा व्यापक लेखात तिच्यावर दोन-तीन ओळी, संदर्भासह, हा उत्तम मार्ग आहे. व्यापक लेखातल्या त्या ओळींना वेगळ्या लेखाइतकी कडक कसोटी लागत नाही.

भाषा मीच बनवली आहे. मी लेख लिहू शकतो का?

लिहू नये. लिहायचाच असेल तर आपला संबंध आधी जाहीर करून, थेट मुख्य नामविश्वात (वाचकांसाठीच्या लेखांत) न टाकता मसुदा म्हणून किंवा धूळपाटी या सरावाच्या पानावर लिहावा आणि दुसऱ्या सदस्याला तपासायला द्यावा. मित्राकडून, विद्यार्थ्याकडून किंवा कंपनीतल्या सहकाऱ्याकडून लिहून घेणं हेही तेच झालं.

तुमच्या हातात याहून चांगलं काहीतरी आहे. भाषेची नीट माहितीपुस्तिका लिहा, तारखांसह आवृत्त्यांचा इतिहास ठेवा, रचनेमागची कारणं मांडा, परवाना स्पष्ट करा. उद्या कुणी स्वतंत्रपणे तुमच्या भाषेवर लिहिलं तर त्यानंतर लेख करणाऱ्याला जन्मसाल आणि परवाना यांसारखे साधे तपशील तुमच्याच पानावरून घेता येतील. तेवढ्यापुरता निर्मात्याचा शब्द चालतो.

मोठ्या कंपनीने काढलेली भाषा आपोआप पात्र ठरते का?

नाही. उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही. मात्र मोठ्या कंपनीच्या भाषेवर बाहेरचे लोक लवकर लिहितात, त्यामुळे स्रोत मिळणं सोपं जातं. कंपनीचा ब्लॉग, कंपनीच्याच परिषदेतलं भाषण आणि कंपनीने पैसे देऊन छापून आणलेला मजकूर हे स्वतंत्र स्रोतांतून वगळा आणि उरलेलं पाहा.

चॅटबॉटला विचारलं तर त्याने पाच संदर्भ दिले. ते लावू?

प्रत्येक संदर्भ उघडून वाचल्याशिवाय एकही लावू नका. असे संदर्भ दिसायला अगदी खरे असतात. नियतकालिकाचं नाव खरं, लेखक त्या क्षेत्रातला, आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही. अपरिचित भाषांच्या बाबतीत धोका मोठा आहे, कारण तपासणाऱ्याला विषय नवा असतो आणि तो विश्वास ठेवून पुढे जातो. खोटा संदर्भ एकदा विकिपीडियात गेला की तिथून तो इतर संकेतस्थळांवर उतरतो आणि काही महिन्यांनी तीच संकेतस्थळं पुरावा म्हणून दाखवली जातात. संदर्भ नसलेला लेख दुरुस्त होऊ शकतो. खोट्या संदर्भांचा लेख इतर सगळ्या लेखांवरचा विश्वास घालवतो.

इंग्रजी विकिपीडियात लेख आहे. मग मराठीत भाषांतर करायला हरकत नाही ना?

प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपला निर्णय आपण घेतो. इंग्रजीत लेख आहे हा पुरावा नव्हे, पण तिथले संदर्भ तपासायला ती चांगली सुरुवात आहे. संदर्भ मराठीतच असावेत अशी अट नाही. इंग्रजी, जर्मन, जपानी कोणतेही चालतात.

मराठी विकिपीडियावरचा समुदाय लहान आहे, म्हणून इथे मला वेगळीच विनंती करायची आहे. ‘अमुक ही एक प्रोग्रामिंग भाषा आहे’ एवढ्या एका ओळीचे लेख भराभर करू नका. त्यापेक्षा एकच भाषा घ्या. ती कुणी, कुठे, कोणत्या अडचणीतून घडवली, तिच्यात नवं काय होतं, तिच्यावर टीका काय झाली हे लिहा. एक छोटा प्रोग्राम देऊन तो मराठीत समजावून सांगा. अकरावीतल्या मुलीला वाचून काहीतरी कळलं पाहिजे.

लेख होत नसेल तर त्या भाषेची माहिती कुठे ठेवायची?

बऱ्याच जागा आहेत. चमत्कारिक आणि प्रायोगिक भाषांसाठी २००५ पासून चाललेला एसोलँग विकी आहे, तिथे निर्मात्यालाही लिहिता येतं. रोझेटा कोडवर एकच काम अनेक भाषांत कसं करता येतं हे दाखवलेलं असतं, तिथे तुमच्या भाषेतली उत्तरं जोडा. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसाठ्याचे निकष विकिपीडियापेक्षा सैल आहेत. भाषा एखाद्या जुन्या भाषेची बोली असेल, तर मूळ भाषेच्या लेखात एक विभाग आणि तिच्या नावाचं पुनर्निर्देशन (ते नाव शोधणाऱ्याला थेट मूळ लेखावर नेणारा दुवा) हा मार्ग मला स्वतंत्र पण अर्धवट लेखापेक्षा जास्त आवडतो. वाचकाला ती तिच्या कुटुंबासह भेटते.

माझ्या लेखाला काढण्याची सूचना लागली आहे. आता काय करू?

लेखाच्या माथ्यावरचा सूचनेचा साचा काढून टाकू नका. इंग्रजी विकिपीडियावर चर्चा साधारण सात दिवस चालते आणि तेवढा वेळ पुरतो. मराठीवर लेखाच्या चर्चापानावर म्हणणं मांडा, गरज पडली तर चावडी या सामाईक चर्चेच्या पानावर लिहा. प्रचालक, म्हणजे लेख काढण्याचे अधिकार असलेले सदस्य, हेही स्वयंसेवकच आहेत, उत्तराला वेळ लागू शकतो.

आपले सगळ्यांत चांगले तीनच स्रोत निवडा. वीस दुवे टाकले तर वाचणारा पहिले दोन उघडतो, ते कमकुवत निघाले की उरलेले सोडून देतो. प्रत्येक स्रोताबद्दल तीन गोष्टी लिहा: लिहिणारा कोण आणि त्याचा निर्मात्याशी संबंध कसा नाही, ते कुठे प्रसिद्ध झालं, आणि भाषेबद्दल त्यात साधारण किती मजकूर आहे. पान क्रमांक द्या. पुस्तक छापील असेल तर संबंधित परिच्छेदाचा सारांश मराठीत लिहा, म्हणजे ते पुस्तक जवळ नसलेल्यालाही मत बनवता येईल. समाजमाध्यमांवर ‘येऊन मत द्या’ असं आवाहन करू नका. त्याने बाजू कमकुवतच होते.

तरीही लेख काढायचं ठरलं, तर बंद करणाऱ्या प्रचालकाला तो मसुदा म्हणून आपल्या सदस्य नामविश्वात (स्वतःच्या सदस्यपानाखाली) परत मागा. हे बहुधा मिळतं. त्या मसुद्याच्या माथ्यावर कोणते स्रोत तपासले गेले आणि ते का अपुरे ठरले, ते लिहून ठेवा. नवा स्रोत प्रसिद्ध झाला की तो जोडून पुन्हा विचारा.